घोडीच्या दोन खुणा

३ ऑगस्ट १९८६, रविवार

आज गाढवपणा केला. मेंडोलिनच्या आठही तारा एकदम उतरवल्या. पावसाळी हवेनं तारांवर गंज चढला होता, लाकूड चिरायच्या आरा मशीनला सुट्टी होती, म्हणून बसलो पुसायला. शहाणा माणूस एक तार काढतो, पुसून चढवतो, मग दुसरीला हात लावतो. कारण तारा ज्या लाकडावरून जातात ती घोडी मेंडोलिनच्या पोटावर चिकटवलेली नसते. तारांच्या दाबावरच उभी असते बिचारी. तारा गेल्या की ती आडवी. तशी झाली, आणि घरंगळत शेजारच्या सुपात पडली. बायको गिरजा तांदूळ निवडत होती. म्हणाली, "घ्या तुमचं लाकूड. दाताखाली आलं असतं म्हंजे?"

घोडी परत उभी केली, पण तिची जागा हरवली. पंधरा-सोळा वर्षं ती एका जागी होती, मी कधी खूणही केली नव्हती. मोकळी तार छेडली की जो सा निघतो, तोच मानेवरच्या बाराव्या पडद्यावर बोट दाबलं की वरच्या सप्तकात निघाला पाहिजे. घोडी तिळभर मानेकडे सरकली की वरचे सूर चढतात, मागे सरकली की उतरतात. खालच्या सुरांत चोरी लपते, वर पकडली जाते.

आणि माझं सगळं काम वरच आहे. सोळा ऑक्टोबरला आमच्या गायन पार्टीला चांद्याचं बोलावणं आलंय. चांद्याच्या धम्मदीक्षेला तीस वर्षं होतात, तिथल्या दीक्षाभूमीच्या रस्त्यावर एका मंडळाचा मंच आहे. आजवर आम्ही वडसा, आरमोरी, फार तर ब्रह्मपुरी. चांदा पहिल्यांदाच. गाणं सुरू होण्याआधी मेंडोलिन एकटी वाजते. ढोलक नाही, पेटी नाही, गळा नाही. ती सुरावट मी बांधली आहे. दिवसभर सागवान चिरणाऱ्या माणसाचं स्वतःचं असं तेवढंच आहे.

मला शिकवणारा नाटक कंपनीतला म्हातारा सांगायचा, बाहेर कितीही कालवा असो, कान लाकडाला लाव, लाकूड खोटं बोलत नाही. तसा डावा कान मेंडोलिनच्या कडेला टेकवून दुपारभर घोडी पुढे-मागे करत बसलो. जमली असं वाटतंय.

९ ऑगस्ट

विहारात तालीम. वर्षावास चालू आहे, म्हणून आधी ग्रंथवाचन, मग आम्ही. वरचा सा मला चढा लागला. घोडी किंचित मागे घेतली. तरी चढाच. आणखी मागे घेतली, तेव्हा बरा लागला. तर आता पेटी चढी, आणि सत्यशीलाचा गळाही चढा.

सत्यशीला आमची गायिका. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिच्या बापानं, देवराव मास्तरांनी ही पार्टी उभी केली. ते गेल्यावर पोरगी न सांगता त्यांच्या जागेवर येऊन बसली. गळा बापापेक्षा सरस आहे, पण आज मी म्हटलंच, "वर जाताना चढून राह्यली तू, पोरी."

"बरं काका. पाहीन मी," म्हणाली. वाद घालत नाही, हा तिचा चांगला गुण.

नूरभाऊ पेटीवर. हल्ली ते माझ्या उजवीकडे बसतात. एवढी वर्षं डावीकडे बसायचे. विचारलं तर म्हणाले, खिडकीतून झड येते. आज पाऊस नव्हता. म्हाताऱ्या माणसाचे नखरे, दुसरं काय. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे आहेत, तरी.

१३ ऑगस्ट

दमलो. दिवसभर ऐनाचे ओंडके होते, दगडासारखे. पात्याशी उभं राहायची माझी जागा ठरलेली, डावा खांदा पात्याकडे. घरी आलो तरी ते पातं डाव्या कानात किंचाळतच राहतं. जेवण होईपर्यंत बंद पडेल म्हणून वाट पाहिली. नाही पडलं. लिहायला हात उचलत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

आज नूरभाऊंशी वाजलं.

तालीम संपल्यावर दसरू ढोलकीवाला आणि सत्यशीला बाहेर गेले. नूरभाऊ पेटीचा भाता बांधत होते. बांधता बांधता म्हणाले, "देवाजीभाऊ, घोडी जराशी मांगं गेली काय तुमची?"

मी म्हटलं, "घोडी जिथी पाह्यजे तिथीच हाये. तुमची पेटी चढली."

"पेटी कशी चढन भाऊ? पितळ हाये ते. चढते काय असंच?"

"मंग माही तार उतरते काय असंच? कान लावून लावलेली हाये मी."

नूरभाऊंनी भात्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाले, "जाऊ द्या. जुनी झाली पेटी. पाहातो मी खोलून."

मी मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. पण मनातच. ही पेटी त्यांच्या अब्बांची. अब्बा कव्वालीच्या पार्टीत वाजवायचे, आणि त्या पेटीवर नूरभाऊ कुणाला बोट ठेवू देत नाहीत. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, हात कानशीसारखा बारीक. एकदा एका सुराची पितळी पट्टी उतरली होती, तर टोकाशी घासून त्यांनी चढवली. तेव्हा मला समजावलं होतं, टोकाशी घासलं तर सूर चढतो, मुळाशी घासलं तर उतरतो, पण घासलेलं पितळ परत येत नाही म्हणून हात लावायला भीती वाटते.

२४ ऑगस्ट, रविवार

घोडीचंच लाकूड खराब झालं असेल असं मनात आलं. मशीनवरून तिवसाच्या लाकडाचा एक तुकडा आणला होता. सुरीनं तासून, काचेनं घासून नवी घोडी केली. सुंदर झाली. जाड तारांची बाजू थोडी मागे, बारीक तारांची थोडी पुढे, अशी जरा तिरपी बसवली, तशीच बसवतात. कान लावला. जुनीपेक्षाही मागे न्यावी लागली तेव्हा कुठे वरचा सा पटला. आता ती कुठल्या कुठे गेली आहे, पोटावरचा जुना फिकट डाग उघडा पडलाय. हवेनं मान वाकली असणार. दुसरं कारण दिसत नाही.

संध्याकाळी बाजारातून येताना एका सायकलवाल्यानं जवळजवळ उडवलंच. घंटी वाजवायला काय होतं यांना? चांगला फैलावर घेतला. तो उलट मलाच म्हणतो, "घंटीच वाजवून राह्यलो ना जी कव्हाचा!" आजकालची पोरं तोंडावर खोटं बोलतात.

आणखी एक. या साली रातकिडे नाहीत. भर पावसाळा आणि अंगणात चिडीचूप. जंगल तोडून तोडून किडेसुद्धा संपवले आपण. त्यात माझाही हात आहे म्हणा, मीच चिरतो. वाईट वाटलं.

५ सप्टेंबर

पोळा झाला. बैल सजले, पोरं तोरणाखाली नाचली. मी घरीच होतो. गिरजाला पुटपुटायची खोड लागली आहे. भांड्यांकडे तोंड करून बोलते आणि मी विचारलं की ओरडते. मधला सूरच नाही. मी रेडिओ लावला की येऊन बारीक करते. म्हणे शेजारी बोंबलतात. सेल संपत आलेत त्या रेडिओचे, तसाही आवाज फुटका येतो.

तालमीला जायचं मन होत नाही. जातो, कारण न जाऊन काय करू. वरच्या सुरांवर आलो की तिघं जणं खाली बघतात. अंगातली सगळी ताकद मशीनवर जाते, उरलेली या घोडीवर. रात्री डोळे मिटले तरी बोटं ती सरकवत असतात.

१४ सप्टेंबर, रविवार

शेवटी जमलं! नूरभाऊंनी पेटी आठवडाभर घरी ठेवली होती, साफ करायला. आज आणली, आणि पहिल्याच सुराला माझी मेंडोलिन आणि त्यांची पेटी गळ्यात गळा घालून गेल्या. वरचा सा, वरचा ग, सगळे. मी म्हटलं, "पाह्यलं? मी म्हणूनच राह्यलो होतो. पेटीत कचरा होता!"

"होय भाऊ. कचराच होता," नूरभाऊ म्हणाले. फार थकलेले दिसले. डोळे लाल. मी पाठीवर थाप मारली. चूक कबूल करणारा माणूस मला आवडतो.

सुरुवातीची सुरावट दोनदा वाजवली. कित्येक दिवसांनी सुख लागलं.

२१ सप्टेंबर, रविवार

पेटी आणि मेंडोलिन एक झाल्यामुळे आता सत्यशीला एकटी पडली आहे. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून गाते, जशी कुणी तिला अरुंद दारातून आत ढकलतंय. आज अंतऱ्यावर थांबली आणि पदरानं डोळे पुसू लागली. मी म्हटलं, "काय झालं माय?" म्हणाली, "काही नाही काका. शाळेचं टेन्शन." मग परत गायली, आणि यावेळी बरोबर आमच्यात मिसळली. मेहनत केली की येतं. मी तसं तिला म्हटलं. दसरूनं उगाच ढोलकीची दोरी ओढायला घेतली.

२८ सप्टेंबर, रविवार

चांद्याहून मंडळाचा माणूस आला होता. व्यवस्था सांगून गेला. मंचावर पेटी मंडळाची, एकच, माईक तिच्यापुढे बांधलेला. सगळ्या पार्ट्यांनी तीच वाजवायची, म्हणजे सामान चढवण्या-उतरवण्यात वेळ जात नाही. मला काहीच अडचण वाटली नाही, उलट त्या ओझ्याची कटकट गेली.

नूरभाऊंचा चेहरा मात्र उतरला. तो माणूस गेल्यावर म्हणाले, "आपल्याले नाई जायचं चांद्याले."

मला वाटलं थट्टा करतात. थट्टा नव्हती. "काऊन?" म्हटलं तर "दुसऱ्याची पेटी नाई वाजवत मी" एवढंच. सत्यशीलाकडे पाहिलं तर ती भिंतीकडे बघत होती. दसरू विडी ओढायला बाहेर. म्हणजे तिघांचं आधीच ठरलेलं. माझं डोकं फिरलं. सारा पावसाळा ज्या दिवसासाठी हाडं झिजवली तो दिवस हे एका पेटीच्या हट्टापायी घालवणार?

आणि मग मी बोलू नये ते बोललो. म्हटलं, "दिवस आमचा हाये नूरभाऊ. तुमाले कायले त्याचं पडन!"

अठरा वर्षं हा माणूस दर जयंतीला आमच्या वस्तीत येऊन पेटी वाजवतो. मुलीच्या लग्नाच्या धामधुमीतसुद्धा आला होता. टोपी सारखी केली, पेटी उचलली, गेले. सत्यशीला मागोमाग. जाताना दारात थांबून म्हणाली, "काका, हे चांगलं नाई केलं तुमी." हे मला अगदी स्पष्ट ऐकू आलं.

४ ऑक्टोबर

तालीम नाही. आठवडा असाच गेला. मशीनवर आज पातं बदललं, नवं पातं आणखीच कर्कश. गिरजा दोन वेळा म्हणाली, जाऊन माफी मागा. मी म्हटलं, त्यानं यावं. ती म्हणाली, त्याईनं काय केलं म्हणून यावं? मी तिच्यावरच ओरडलो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

नीट लिहितो. जे झालं ते जसंच्या तसं.

आज मशीनची वीज गेली, दुपारीच सुटलो. गिरजानं दारातच अडवलं, म्हणाली आधी नूरभाऊंकडे जाऊन या, मगच भाकर. गेलो. नूरभाऊ जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. खातूनभाभींनी बसायला सांगितलं. पेटी पलंगाजवळ होती, वर चादर. मला वाटलं, ते येईपर्यंत निदान आतली धूळ झटकावी, तेवढंच मन हलकं होईल. वरची फळी काढली.

पितळी पट्ट्या ओळीनं दिसत होत्या. खालच्या सप्तकाच्या जुन्या, काळपट. वरच्या सप्तकाच्या सगळ्या, एकूण एक, मुळाशी चमकत होत्या. मी आयुष्यभर लाकूड आणि पाती बघतोय, ताजी कानस मला कळते. मुळाशी. म्हणजे सूर उतरवलेले. पहिला विचार काय आला असेल तर हा, की कुणीतरी नूरभाऊंवर डूख धरून त्यांची पेटी नासवली. इतका राग आला की फळी हातातच राहिली. "भाभी, कोणं हात लावला पेटीले?"

खातूनभाभी चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. कप खाली ठेवला. म्हणाल्या, "कोण लावंन भाऊ? त्याईनंच घासली. आठ दिवस बसून. एक पट्टी घासे, अन् रडे. मी म्हटली, अब्बाची निशानी हाये, काऊन बिघडवता? तर म्हणे, देवाजीचा कान गेला, त्याले सांगावं कसं? त्याची घोडी खरी दिसली पाह्यजे तर माही पेटी खोटी करा लागन."

मी म्हटलं, "कोणाचा कान?"

मी चहा न घेता उठलो.

घरी आलो. मेंडोलिन मांडीवर घेतली. उजव्या कानात बोट घातलं आणि बाराव्या पडद्यावर तार छेडली. मग डाव्या कानात बोट घातलं आणि तोच पडदा, तीच तार. दोन सूर आले. तार एक, सूर दोन. डाव्या कानाला बरोबर लागतो, उजव्याला खाली. उजव्याला आवाज बारीक येतो, दुरून आल्यासारखा, पण वरचा सा त्याला खरोखर उतरलेला लागला. घाणेरडा उतरलेला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी डावा कान लाकडाला लावत होतो. लाकूड खोटं बोलत नव्हतं.

मग उठून अंगणात आलो. संध्याकाळ झाली होती. डाव्या कानात बोट घालून उजवा कान कुंपणाकडे केला, श्वास धरला. रातकिडे होते. फार दूर, पण होते.

११ ऑक्टोबर

कामावर गेलो नाही. गिरजाला विचारलं, "तुले माहीत होतं?"

"होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

ती भाकरी थापत होती. थांबली. समोर येऊन बसली आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "सांगतलं ना जी. वरसभर सांगून राह्यली मी. तुमाले आयकूच नाई आलं."

मला हसू आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. गिरजानं पिठाचे हात तसेच माझ्या डोक्यावर ठेवले.

१२ ऑक्टोबर, रविवार

नूरभाऊंच्या दुकानात गेलो. एका गिऱ्हाईकाचं घड्याळ उघडून बसले होते, डोळ्याला भिंग. मी म्हटलं, "मी बोललो ते चुकलं. तोंड फुटावं माहं."

"बसा," म्हणाले. आणि उठून स्टूल स्वतःच्या डाव्या हाताला ठेवलं, म्हणजे ते माझ्या उजव्या कानाशी आले. खिडकीच्या झडीचं मला तेव्हा समजलं.

"अब्बाची पेटी काऊन घासली?"

भिंग काढलं. पुसत राहिले. "पेटी घासता येते भाऊ. तुमाले सांगता नाई येत." मग म्हणाले, "तुमी एवढे खुश झाले होते त्या दिवशी. पाठीवर थाप मारली मले. मंग तर आणखीनच नाई सांगता आलं. अन् चांद्याची पेटी तर खरीच असती, म्हणून नको म्हटलं."

मला तोंड वर करवेना. त्या थापेची लाज वाटली, आयुष्यात कशाची वाटली नाही एवढी.

दुपारी विहारात चौघं बसलो. मी सगळं बोलून टाकलं आणि म्हटलं, चांद्याची सुरुवात पेटीवर घ्या, मी नुसता मागे बसतो, नाहीतर येतच नाही. सत्यशीला शाळेतल्या पोरांना दटावते तशी म्हणाली, "घोडी कुठी ठेवायची ते कानानंच ठरते काय काका? तुमी दिवसभर सुतानं लाकूड मापता ना?"

खरंच की. मशीनवर ओंडक्याला गेरूचं सूत मारल्याशिवाय मी पात्याला लावत नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, तर कानावर कशाला ठेवला? गिरजाच्या शिवणाचा दोरा मागवला. मानेच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंत दोरा ताणला, तेवढाच पुन्हा पुढे, आणि तिथून तांदळाच्या दाण्याएवढं मागे, कारण तार दाबली की ती ताणली जाऊन थोडी चढतेच. घोडी तिथं नेली. जुना फिकट डाग बरोबर तिच्याखाली आला. सोळा वर्षं जिथं होती तिथंच. सत्यशीलानं सा लावला, मी बारावा पडदा छेडला. माझ्या डाव्या कानाला तो चढा, ओरखडल्यासारखा लागला. त्या तिघांचे चेहरे पाहिले. दसरू रडत होता, बावळट.

पेन्सिलनं घोडीच्या पायाशी खूण केली.

१७ ऑक्टोबर

काल चांदा झालं.

छोट्या गाडीनं सकाळीच निघालो. डब्यात पांढऱ्या लुगड्यांची नुसती गर्दी, कुणाच्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं, कुणाच्या कडेवर पोर. नूरभाऊ मोकळ्या हातानं, पेटी नसल्यामुळे त्यांना हात कुठे ठेवावे कळत नव्हतं.

मंचावर गेलो तेव्हा डाव्या कानात कापूस घातला. आता जे ऐकू येत होतं ते म्हणजे पलीकडच्या गावी कुणी वाजवतंय आणि वारा आपल्याकडे नाही. समोर माणसंच माणसं. गिरजा कुठे होती दिसलं नाही. सुरुवात केली. बोटांना पडदे ठाऊक आहेत, त्यांना मी मोकळं सोडलं. वरच्या सुरांवर गेलो. माझ्यापर्यंत जवळजवळ काहीच पोचलं नाही. सुंदर वाजलं की बेसूर, हे मला जन्मात कळणार नाही. मी फक्त नूरभाऊंकडे बघत होतो. त्यांनी डोळे मिटले होते आणि मान हलवत होते, मग परक्या पेटीवर त्यांचं बोट पडलं आणि सत्यशीला उठली. मोकळी गायली पोरगी, देवराव मास्तर असते तर... असो. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मला कळलं की संपलं. हात दिसले, म्हणून कळलं.

उतरल्यावर कुणीतरी म्हातारा येऊन माझा हात धरून बरंच काही बोलला. मी मान डोलावली. काय म्हणाला ते गिरजाला विचारलं तर ती म्हणाली, "चांगलंच म्हणत होता." एवढ्यावर भागवलं.

फार थकलो आहे. आनंद झाला का? झाला. पण तो दुसऱ्याच्या घरच्या जेवणासारखा, वास आला, पानात पडला नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

डॉक्टर म्हणाले, गेलेला कान परत येत नाही, राहिलेला सांभाळा. मशीनवर कापूस घालून जातो आता. मालकानं दुसरं काम देतो म्हटलंय, बघू. पार्टीत यापुढे जमेल तोवर. दोऱ्यावर किती दिवस वाजवणार?

आज मात्र मेंडोलिन घेऊन नूरभाऊंच्या दुकानात गेलो. आज दुकान बंदच होतं. पेटी तिथंच आणून ठेवली होती, चादरीखाली. विचारलं, पट्ट्या परत चढवता येतील का. म्हणाले, टोकाशी घासून येतील थोड्या, पण आता पातळ झाल्यात, तुटतील. अब्बांच्या पेटीवर मोडकी पट्टी नको. "राहू द्या. कोणाच्या गाण्यात नाई चालत आता ते. घरी वाजवीन."

मी डाव्या कानातला कापूस नीट बसवला. तारा सैल केल्या, सगळ्या नाही, घोडी पडणार नाही एवढ्याच. आणि घोडी मागे सरकवली, पेन्सिलच्या खुणेच्याही मागे, जिथं मी सारा पावसाळा तिला नेऊन नेऊन ठेवत होतो तिथं. त्या जागेलाही खूण केली. आता पोटावर दोन खुणा आहेत, एक सगळ्यांसाठी, एक या दुकानासाठी.

नूरभाऊ म्हणाले, "काऊन भाऊ?"

"वाजवा," म्हटलं.

त्यांनी भाता उघडला. मी चांद्याची सुरावट वाजवली, वरच्या 'सा'ला पोचलो, तिथं त्यांची पेटी येऊन मिळाली. उजव्या कानाला स्पष्ट कळलं, दोघंही उतरलेलो आहोत. पण सारखेच उतरलेलो, केसाचाही फरक नाही. मागच्या घरातून खातूनभाभींनी दार किंचित उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

"लागली," नूरभाऊ म्हणाले. ते उजवीकडे बसले होते, म्हणून मला ऐकू आलं.